करोनाच्या तापात रक्त का गोठते, आणि घरच्यांनी काय जाणावे

पावसाळा सरत आला आणि घरात कोणाचा ताप तिसऱ्या दिवशीही उतरेना झाला, की रक्ताच्या चाचणीचा कागद हाती येताच सर्वांची दृष्टी पहिल्याने प्लेटलेट्सच्या आकड्यावर जाते. डेंग्यूने महाराष्ट्रातील शहरांना आणि आता खेड्यांनाही ही सवय लावली आहे. ‘पांढऱ्या पेशी उतरल्या’ असे शेजारी एकमेकांना सांगतात. वस्तुतः त्या पांढऱ्या पेशी नव्हेतच, तरी तो शब्दप्रयोग आता रूढ झाला आहे. मग पपईच्या पानांचा रस काढला जातो, बाजारातून किवी आणवली जाते, आणि सकाळ-संध्याकाळ नवा आकडा घेऊन नातेवाईक दवाखान्याच्या पायऱ्या चढू लागतात.

२०२० सालच्या मार्च महिन्याच्या ९ तारखेस पुण्यात राज्यातील पहिल्या करोनाबाधितांची नोंद झाली, आणि पुढे हीच मोजपट्टी अनेक कुटुंबांनी या नव्या रोगालाही लावली. रुग्णाचा आकडा दीड लाखाच्या किंचित खाली आलेला दिसला की घरचे हवालदिल होत, आणि तोच आकडा अडीच लाख निघाला की निश्चिंत होऊन झोपी जात. नंतर २०२१ च्या उन्हाळ्यात, दुसऱ्या लाटेच्या ऐन भरात, ‘डी-डायमर’ हा शब्द घरोघर पोहोचला आणि भीतीचे तोंडच फिरले. रक्त पातळ करण्याच्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गोळ्या कोणी लिहून न देताही औषधांच्या दुकानांतून घरी येऊ लागल्या. पहिल्या भीतीत रक्त वाहून जाईल अशी धास्ती होती, दुसरीत ते गोठून बसेल अशी. परंतु दोन्हींच्या मुळाशी गैरसमज एकच होता, आणि तो असा की, कागदावरचा आकडा म्हणजेच रोग. हा विषाणू अद्याप आपल्यातून गेलेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी आणीबाणी संपल्याचे जाहीर केले, रोग संपल्याचे नव्हे. सबब या विषयाची नीट माहिती घरातील कर्त्या माणसांस असणे आजही अगत्याचे आहे.

प्लेटलेट्सना मराठी शास्त्रीय ग्रंथांत बिंबाणू म्हणतात. तांबड्या पेशींहूनही पुष्कळ लहान, केंद्रक नसलेल्या, दोन-तीन मायक्रॉन व्यासाच्या या चकत्या हाडांतील मगजात असलेल्या एका अवाढव्य पेशीचे तुकडे पडून तयार होतात. निरोगी प्रौढाच्या शरीरात अशा सुमारे शंभर अब्ज चकत्या रोज नव्याने निर्माण होतात, सात ते दहा दिवस रक्तात फिरतात आणि मग प्लीहेत व यकृतात त्यांची विल्हेवाट लागते. रक्ताच्या एका घन मिलिमीटरात त्यांची संख्या दीड लाख ते साडेचार लाख इतकी असावी, असा सर्वसाधारण दंडक आहे. इटलीतील तुरिन येथील जुलिओ बिझोझेरो या शास्त्रज्ञाने १८८२ साली त्यांचे कार्य प्रथम स्पष्टपणे मांडले: रक्तवाहिनीला इजा झाली की या चकत्या त्या जागी धावतात, चिकटतात आणि बूच बसवल्याप्रमाणे छिद्र बंद करतात. त्या बुचाभोवती मग रक्तद्रवातील फायब्रिन नावाच्या तंतूंचे जाळे विणले जाते आणि गुठळी पक्की होते. भाजी चिरताना बोट कापले असता दोन-चार मिनिटांत रक्त थांबते ते याच व्यवस्थेच्या बळावर. जखम भरली की दुसरी एक यंत्रणा ते जाळे हळूहळू विरघळवून टाकते, कारण गुठळी ही कामापुरती हवी. काम सरल्यावर ती राहिली, अथवा नको तेथे झाली, तर तिच्यासारखा वैरी नाही.

नको तेथे ती का होते, याची मीमांसा जर्मन विकृतिशास्त्रज्ञ रुडोल्फ फिर्खो याच्या नावाने प्रसिद्ध आहे. १८५६ च्या सुमारास त्याने केलेल्या विवेचनावरून पुढे तीन कारणांची जी त्रयी ठरली, ती आजही वैद्यकाच्या प्रत्येक विद्यार्थ्यास पाठ असते: रक्ताचा प्रवाह मंदावणे, वाहिनीच्या आतल्या अस्तराला इजा होणे, आणि रक्तातच गोठण्याची प्रवृत्ती वाढणे. यांपैकी एक कारण असले तरी गुठळी होऊ शकते, दोन असली तर संभव वाढतो. करोनाच्या गंभीर संसर्गाचे वैशिष्ट्य असे की, तो तिन्ही कारणे एकाच वेळी एकाच देहात आणून उभी करतो. अंथरुणाला खिळलेला, पाणी कमी पडलेला, श्वास लागल्यामुळे कूसही न बदलणारा रुग्ण घ्या. त्याच्या पायांतील रक्त संथ झालेले असते, हे पहिले कारण. दुसऱ्या कारणासाठी विषाणूचा मार्ग पाहावा लागतो.

हा विषाणू एसीई-२ नावाच्या ग्राहकाला धरून पेशींत शिरतो, ही गोष्ट आता सर्वश्रुत आहे. फुप्फुसातील वायुकोश आणि त्यांना बिलगून वाहणाऱ्या केशवाहिन्या यांत अंतर ते किती, केसाच्या जाडीच्या शतांशाइतके. तेव्हा वायुकोशात पेटलेला दाह शेजारच्या वाहिनीस न लागता राहात नाही. २०२० च्या एप्रिल महिन्यात झुरिक येथील विकृतिशास्त्रज्ञांनी मृत रुग्णांच्या अनेक अवयवांतील रक्तवाहिन्यांच्या अंतःस्तराचा दाह दाखवून दिला. निरोगी असताना हा अंतःस्तर गुळगुळीत असतो, रक्ताला चिकटू देत नाही, गुठळी होऊ नये म्हणून काही द्रव्ये स्वतः स्रवतो. त्याला इजा झाली की तो आपला पूर्वीचा धर्म सोडतो: चिकटून राहण्यास मदत करणारा फॉन विलेब्रांड घटक मोठ्या प्रमाणावर रक्तात सोडतो आणि जवळून जाणाऱ्या बिंबाणूंना जणू अडवून धरतो. त्यातच शरीराच्या संरक्षक यंत्रणेने विषाणूशी लढताना सोडलेली दाहजनक द्रव्ये यकृताला फायब्रिनोजेन अधिक तयार करावयास लावतात. श्वेतपेशी आपल्याच केंद्रकातील धागे बाहेर फेकून जाळी विणतात आणि त्या जाळ्यांत बिंबाणू अडकतात. हे तिसरे कारण होय. अशा रीतीने फिर्खोची त्रयी पूर्ण होते.

वुहानमधील वैद्यांनी २०२० च्या फेब्रुवारीतच १८३ रुग्णांची कैफियत प्रसिद्ध केली होती. त्यांत दगावलेल्यांपैकी ७१.४ टक्के रुग्णांत सर्व शरीरभर रक्त गोठण्याचा विकार निकषांनुसार आढळला, आणि वाचलेल्यांत तो केवळ ०.६ टक्क्यांत. नेदरलँड्समधील तीन रुग्णालयांच्या अतिदक्षता विभागांतील १८४ रुग्णांपैकी ३१ टक्क्यांना गुठळीचा उपद्रव झाला, आणि हे सर्व रुग्ण रक्त गोठू न देणारे हेपॅरिन प्रतिबंधक मात्रेत घेत असतानाही झाला, ही त्यातील विशेष चिंतेची बाब. पुढे मे महिन्यात प्रसिद्ध झालेल्या एका शवविच्छेदनाच्या अभ्यासात करोनाने मृत्यू पावलेल्यांच्या फुप्फुसांची तुलना इन्फ्लुएंझाने मृत्यू पावलेल्यांच्या फुप्फुसांशी केली, तेव्हा वायुकोशांच्या केशवाहिन्यांतील सूक्ष्म गुठळ्या करोनात नऊ पट अधिक दिसल्या. अभ्यास लहान होता, प्रत्येक गटात सात-सातच फुप्फुसे. तथापि त्याने एका कोड्यावर प्रकाश टाकला. फुप्फुसाच्या काही भागांत हवा पोहोचूनही रक्ताला प्राणवायू का मिळत नाही, याचे निदान एक उत्तर हे होते की, हवेपाशी रक्तच पोहोचत नाही.

आता बिंबाणूंच्या आकड्याकडे परत येऊ. गुठळ्यांत बिंबाणू खर्ची पडतात, म्हणून रक्तातील त्यांची संख्या काहीशी उतरते. दीड लाखाच्या जागी सव्वा लाख, कधी एक लाखाच्या आसपास. पन्नास हजारांखाली ती केवळ करोनाने क्वचितच जाते. म्हणजे डेंग्यूत कमी झालेला आकडा ही मुख्यतः रक्तस्रावाच्या धोक्याची सूचना असते, तर करोनात तोच आकडा बहुतेक वेळा सांगत असतो की, कोठेतरी बिंबाणू अधिक वापरले जात आहेत. उरलेले बिंबाणू दुबळे नसतात. ते डिवचलेले असतात, लवकर चिकटतात, श्वेतपेशींना बिलगून पुंजके करतात. अमेरिकेतील युटा येथे रुग्णांच्या बिंबाणूंची थेट तपासणी झाली तेव्हा हाच उतावीळपणा दिसून आला. एका तापात शिकलेला धडा दुसऱ्या तापाला जसाच्या तसा लावू नये, ते याचसाठी. रक्तस्राव होत नसेल तर दहा हजारांच्या वर असलेल्या आकड्यासाठी बाहेरून बिंबाणू चढवण्याची सहसा आवश्यकता नसते; आणि करोनात केवळ आकड्यासाठी रक्तपेढीकडे धावणे हे श्रमाचे व पैशाचे नुकसानच होय. पपईच्या रसाविषयी इतकेच सांगावेसे वाटते की, तो प्याल्याने करोनातील गोठण्याची प्रवृत्ती कमी झाली, असा पुरावा नाही. आणि मळमळणाऱ्या रुग्णाच्या पोटात तो बळेच ओतल्याने त्याचे उरलेसुरले अन्नपाणीही सुटते.

आकडा खरोखर कमी आहे काय, याचीही खातरजमा करावी लागते. रक्तगणनेसाठी जी जांभळ्या टोपणाची नळी वापरतात, तिच्यातील रसायनामुळे काही व्यक्तींचे बिंबाणू नळीतच एकमेकांना चिकटतात, यंत्राला तो पुंजका एकच मोठी पेशी वाटतो, आणि अहवालात साठ हजार असा आकडा उमटतो. असा अनपेक्षित आकडा आला आणि रुग्णाच्या अंगावर लाल ठिपके, हिरड्यांतून रक्त, असे काहीच दिसत नसेल, तर प्रयोगशाळेस काचपट्टीवर रक्त पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावयास सांगावे किंवा निळ्या टोपणाच्या नळीत नमुना पुन्हा द्यावा. हे सांगण्यात संकोच मानण्याचे कारण नाही. प्रयोगशाळेतील जाणते तंत्रज्ञ स्वतःच ही दक्षता घेतात. याउलट रुग्णालयात हेपॅरिनची इंजेक्शने सुरू होऊन पाच ते दहा दिवस झाले आणि आकडा निम्म्यावर आला, तर ते हेपॅरिनमुळेच उद्भवलेल्या एका दुर्मिळ विकाराचे लक्षण असू शकते. त्यात आकडा उतरतो आणि गुठळ्या मात्र वाढतात. म्हणून ही बाब डॉक्टरांच्या नजरेस तत्काळ आणावी.

डी-डायमर या चाचणीने जितकी झोप उडवली तितकी क्वचितच दुसऱ्या कोणत्या चाचणीने उडवली असेल, म्हणून तिच्याविषयी थोडे सविस्तर लिहितो. फायब्रिनचे जाळे विरघळू लागले की त्याचे जे तुकडे रक्तात मिसळतात, त्यांपैकी एक हा डी-डायमर. तो अधिक आहे याचा अर्थ इतकाच की, शरीरात कोठेतरी गुठळी झाली होती व तिचे विघटन चालू आहे. ती कोठे आहे, केवढी आहे, घातक आहे की नाही, हे तो सांगत नाही. गर्भारपणात तो स्वाभाविकपणेच वाढतो, शस्त्रक्रियेनंतर वाढतो, न्यूमोनियात, कर्करोगात, पडून मुका मार लागल्यावरही वाढतो, आणि वय वाढते तसा हळूहळू वाढतच जातो. पन्नाशीनंतर वयाला दहाने गुणून येणारी संख्या ही वरची मर्यादा धरावी, असा एक उपयुक्त संकेत वैद्यकात आहे. पंच्याहत्तर वर्षांच्या आजीबाईंची मर्यादा पाचशे न धरता साडेसातशे नॅनोग्रॅम धरावी, ती या न्यायाने. त्यातही मापनाची दोन एकके प्रचलित आहेत, आणि एकाच रक्ताचा एका एककातील आकडा दुसऱ्यातील आकड्याच्या सुमारे दुप्पट असतो. एका प्रयोगशाळेत २८० आणि दुसरीत ५६० आलेला पाहून ‘एका रात्रीत दुप्पट झाला’ म्हणून रुग्णास गाडीत घालून शहराकडे धावणाऱ्या कुटुंबांनी या एककांकडे पाहिलेलेच नसते. तुलना करावयाची तर ती एकाच प्रयोगशाळेच्या, एकाच एककातील अहवालांची करावी. आणि सौम्य ताप, खोकला, प्राणवायूची पातळी ठीक, अशा घरी असलेल्या रुग्णाची डी-डायमर चाचणी मुळात रोज कशाला, किंबहुना एकदा तरी कशाला, हा प्रश्न डॉक्टरांना विचारावा. रुग्णालयात दाखल झालेल्या, श्वास लागणाऱ्या रुग्णाच्या बाबतीत मात्र हीच चाचणी मोलाची ठरते. वुहानमधील १९१ रुग्णांच्या अभ्यासात दाखल होताना एक मायक्रोग्रॅमच्या वर असलेला डी-डायमर मृत्यूच्या वाढीव धोक्याशी निगडित आढळला, आणि त्यावरूनच जगभर तिचा प्रसार झाला.

रक्त पातळ करण्याची औषधे असे आपण सर्रास म्हणतो, परंतु या औषधांनी रक्त पाण्यासारखे पातळ होत नाही. त्याची गोठण्याची शक्ती तेवढी कमी होते. त्यांचे दोन वर्ग ध्यानात ठेवावेत. अ‍ॅस्पिरिनसारखी औषधे बिंबाणूंना चिकटू देत नाहीत. हेपॅरिन, वॉरफरिन, अ‍ॅपिक्साबॅन, रिव्हारॉक्साबॅन ही फायब्रिनचे जाळे विणू देत नाहीत. अ‍ॅस्पिरिनचा परिणाम झालेला बिंबाणू त्याच्या उरलेल्या आयुष्यात पूर्ववत होत नाही, म्हणून एकदा घेतलेल्या गोळीचा अंमल आठवडाभर राहतो. ही गोष्ट आपल्या प्रदेशात फार महत्त्वाची आहे. जुलै ते नोव्हेंबर या काळात आलेला ताप करोनाचा आहे की डेंग्यूचा, हे पहिल्या दोन दिवसांत अनुभवी डॉक्टरांनाही निश्चित सांगता येत नाही. आणि करोना समजून घेतलेली अ‍ॅस्पिरिनची गोळी डेंग्यूच्या रुग्णाला रक्तस्रावाच्या तोंडी देऊ शकते. निदान होईपर्यंत तापाला पॅरासिटामॉल एवढेच पुरे, आणि तेही वयाच्या व वजनाच्या मानाने. विषाणूच्या तापात मुलांना अ‍ॅस्पिरिन देणे तर सर्वथा वर्ज्य.

करोनात अ‍ॅस्पिरिनचा उपयोग होतो की नाही, हा प्रश्न तर्काने सुटणारा नव्हता. तो ब्रिटनमधील ‘रिकव्हरी’ या मोठ्या चाचणीने सोडवला. रुग्णालयात दाखल झालेल्या जवळजवळ पंधरा हजार रुग्णांपैकी निम्म्यांना नेहमीच्या उपचारांसोबत रोज दीडशे मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन देण्यात आले. अठ्ठावीस दिवसांनंतर दोन्ही गटांतील मृत्यूंचे प्रमाण सतरा टक्केच राहिले. गुठळ्या किंचित कमी झाल्या, तर मोठे रक्तस्राव किंचित वाढले. घरी राहून बरे होणाऱ्या सौम्य रुग्णांसाठी अमेरिकेत ६५७ जणांवर अ‍ॅस्पिरिन व अ‍ॅपिक्साबॅन यांची परीक्षा आरंभली, पण गुठळीचे प्रसंगच इतके विरळ निघाले की चाचणी मुदतीपूर्वी थांबवावी लागली. घरात बरे होत असलेल्या माणसाला या औषधांची गरज बहुधा नसते, याहून स्पष्ट प्रमाण कोणते हवे?

हेपॅरिनची गोष्ट वेगळी आहे. रुग्णालयात दाखल झालेल्या प्रौढ रुग्णाला, रक्तस्रावाचा विशेष धोका नसेल तर, पोटाच्या त्वचेखाली टोचले जाणारे कमी रेणुभाराचे हेपॅरिन प्रतिबंधक मात्रेत देणे हा आता सर्वमान्य उपचार आहे. त्या टोचण्याच्या जागी निळसर डाग पडतात, ते पाहून घाबरू नये, आणि ती जागा चोळू नये. मात्रा वाढवली तर लाभ वाढेल काय, याची परीक्षा अनेक देशांनी मिळून केली आणि २०२१ च्या ऑगस्टमध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मध्यम आजारी रुग्णांना पूर्ण मात्रेचा काही फायदा झाला, परंतु अतिदक्षता विभागात पोहोचलेल्यांना तो झाला नाही. घर जळून गेल्यावर पाण्याचा बंब आणून उपयोग नसतो, असेच काहीसे हे दिसते. यावरून घ्यावयाचा व्यवहारी बोध असा की, मात्रा किती व केव्हा हा निर्णय रुग्णाच्या अवस्थेगणिक बदलतो. शेजारच्या खाटेवरील रुग्णाला दिवसातून दोन इंजेक्शने मिळतात आणि आपल्या माणसाला एकच, यावरून हलगर्जीपणाचा आरोप करण्यापूर्वी कारण विचारून घ्यावे.

जे रुग्ण हृदयविकारासाठी, कृत्रिम झडपेसाठी किंवा पूर्वीच्या गुठळीसाठी ही औषधे आधीपासून घेत आहेत, त्यांनी करोना झाला म्हणून ती स्वतःहून बंदही करू नयेत आणि दुप्पटही करू नयेत. डॉक्टरांना मात्र आपल्या गोळ्यांची यादी दाखवावी, कारण करोनावरील निर्माट्रेलव्हिर या औषधासोबत दिले जाणारे रिटोनाव्हिर हे अ‍ॅपिक्साबॅन व रिव्हारॉक्साबॅन यांची रक्तातील पातळी वाढवते. वॉरफरिन घेणाऱ्यांनी आजारपणात पालेभाजीचे प्रमाण एकाएकी बदलू नये. एरवी रोज मेथी-पालक खाणारा माणूस तापात पेजेवर आला की त्या औषधाचा प्रभाव वाढतो, आणि रक्त गोठण्याचा वेग सांगणारी आयएनआर ही चाचणी करून मात्रा जुळवून घ्यावी लागते. अंगदुखीसाठी दुकानातून आणलेले डायक्लोफेनॅक वा आयबुप्रोफेन रक्त पातळ करणाऱ्या औषधांच्या जोडीने घेणे रक्तस्रावाला आमंत्रण देणारे आहे. शौचाला डांबरासारखे काळे होणे, लघवीत रक्त दिसणे, नाकातून न थांबणारे रक्त, डोक्याला मार लागणे, यांपैकी काहीही घडले तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये.

घरी असलेल्या रुग्णासाठी गुठळी टाळण्याचे जे उपाय आहेत ते साधे आहेत. तहान लागण्याची वाट न पाहता पाणी, ताक, सरबत, भाताची पेज देत राहावे. हृदयाच्या वा मूत्रपिंडाच्या विकारात पाणी मोजून घेण्याचा सल्ला असेल तर तो पाळावा. दर दोन तासांनी, निदान जागेपणी, रुग्णाला उठवून खोलीतल्या खोलीत चालवावे. पोटऱ्यांचे स्नायू आवळले की पायांतील रक्त वर ढकलले जाते. चालता येत नसेल तर पलंगावरच घोटे वर-खाली करणे हाही उपाय पुष्कळ आहे. ‘आजारी आहे, पडून राहू दे’ ही माया आपल्या घरांत फार जुनी आहे, आणि तिच्यामागचा जिव्हाळा मला ठाऊक आहे. पण या आजारात सतत पडून राहणे हेच संकटाचे पहिले कारण होते, हे वर सांगितलेच. जाड व्यक्ती, गर्भवती व नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रिया, गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या स्त्रिया, कर्करोगाचे रुग्ण, अलीकडे शस्त्रक्रिया झालेले आणि पूर्वी ज्यांना अथवा ज्यांच्या रक्ताच्या नात्यात कोणाला गुठळी झाली होती असे लोक, यांच्याबाबत ही दक्षता अधिक.

लक्षणे ओळखणे याहूनही महत्त्वाचे आहे. पायातील गुठळी बहुधा एकाच पायात होते. ती पोटरी दुसरीपेक्षा जाड दिसते, दाबल्यास दुखते, गरम लागते. दोन्ही पाय सारखेच सुजले तर कारण बहुधा निराळे. त्या गुठळीचा तुकडा सुटून फुप्फुसात गेला की एकाएकी धाप लागते, खोल श्वास घेताना छातीत सुरी खुपसल्यासारखे दुखते, नाडी धावते, कधी भोवळ येते, कधी थुंकीत रक्त येते. न्यूमोनियाचा श्वास दिवसागणिक हळूहळू वाढत जातो, तर हा तासाभरात, कधी शौचालयातून येता येता, बिघडतो. मेंदूत गुठळी अडकल्यास तोंड एका बाजूला वाकडे होते, एक हात वर धरल्यावर खाली येतो, बोलणे अडखळते. आणि हे केवळ वृद्धांनाच होते असे नव्हे, २०२० च्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी पन्नाशीच्या आतील पाच करोनाबाधितांना आलेल्या अशा झटक्यांची हकीकत प्रसिद्ध केली होती.

रुग्णालयातून सुटी मिळाली म्हणजे धोका संपला, असे मानू नये. स्वीडनमध्ये दहा लाखांहून अधिक करोनाबाधितांच्या सरकारी नोंदींचा जो अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला, त्यात पायातील गुठळीचा वाढीव धोका तीन महिन्यांपर्यंत, फुप्फुसातील गुठळीचा सहा महिन्यांपर्यंत आणि रक्तस्रावाचा दोन महिन्यांपर्यंत टिकलेला दिसला. अर्थात प्रत्यक्ष संख्या लहान आहे: संसर्गानंतरच्या पहिल्या महिन्यात फुप्फुसातील गुठळी दर दहा हजारांत सुमारे सतरा जणांना झाली. म्हणून सरसकट प्रत्येकाने घरी गोळी घेत बसणे हे शहाणपण नव्हे. ब्राझीलमधील एका चाचणीत गुठळीचा धोका अधिक असलेल्या निवडक ३२० रुग्णांपैकी निम्म्यांना सुटीनंतर पस्तीस दिवस रिव्हारॉक्साबॅन दिले, तेव्हा उपद्रवाचे प्रमाण औषध न घेतलेल्यांत नऊ टक्के, तर घेतलेल्यांत तीन टक्के निघाले. पण ते निवडक रुग्ण होते, हा शब्द विसरता कामा नये. सुटीच्या कागदावर असे औषध लिहिले असेल तर त्याची मुदत कोणत्या तारखेस संपते, हे डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. मुदत न लिहिल्याने वर्षभर गोळी चालू ठेवणारे लोक आढळतात, आणि तीन दिवसांत बरे वाटले म्हणून ती सोडणारेही. पुढील काही महिन्यांत शस्त्रक्रिया ठरली असेल, लांबचा विमान वा बसप्रवास करावयाचा असेल, तर करोना होऊन गेल्याची गोष्ट संबंधित डॉक्टरांच्या कानावर घालावी.

लसीमुळे गुठळ्या होतात अशी जी चर्चा होते, तीत तथ्याचा अंश आहे. अ‍ॅस्ट्राझेनेकाची लस, जी पुण्यात कोव्हिशील्ड या नावाने तयार झाली, तिच्यानंतर फार थोड्या लोकांत बिंबाणू उतरून गुठळ्या होण्याचा एक विकार आढळला. जर्मनीतील ग्राइफ्सवाल्ड येथील संशोधकांनी २०२१ मध्ये त्याचे कारण असलेली प्रतिपिंडे शोधून काढली. भारतात त्या वर्षीच्या मे महिन्यापर्यंतच्या सरकारी नोंदींनुसार असे प्रसंग दर दहा लाख मात्रांमागे ०.६१ होते. हा विकार लस घेतल्यानंतरच्या साधारण चार ते सहा आठवड्यांतच प्रकट होत असे. तेव्हा काही वर्षांपूर्वी लस घेतलेल्यांनी त्या भीतीपोटी आज डी-डायमर तपासण्याचे कारण नाही.

वाचकांस एकच विनंती आहे. ज्या कपाटात घरातील औषधे ठेवली आहेत, त्याच्या दाराच्या आतल्या बाजूस एक कागद चिकटवावा आणि त्यावर ठळक अक्षरांत लिहावे: एका पायाची सूज, एकाएकी लागलेली धाप, छातीत दुखणे, वाकडे झालेले तोंड. खाली १०८ हा रुग्णवाहिकेचा क्रमांक लिहावा. यांपैकी काही दिसले तर जुने अहवाल शोधत बसू नये, नवी चाचणी करावयास प्रयोगशाळेत जाऊ नये. आधी तो क्रमांक फिरवावा.